डाव्या हाताच्या मुली

"ताई, ही सही तुमचीच आहे न?"

हेमेंद्रने घडी घातलेला कागद उलगडून शरयूताईंच्या डब्याशेजारी ठेवला आणि तो दोन पावलं मागे सरकला. मधल्या सुट्टीची वेळ. स्टाफरूममध्ये कोणाच्या लोणच्याचा, कोणाच्या कोबीच्या भाजीचा वास कोंडलेला, आणि हा माणूस चपला दाराबाहेर काढून देवळात शिरावं तसा आत आलेला. शहरातल्या पडाव भागात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात तो बुकिंगवर बसायचा. राहायला बिर्लानगरात, मिलच्या जुन्या क्वार्टरांत. त्याची मुलगी उन्नती शरयूताईंच्या दहावीच्या वर्गात होती.

शरयूताईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. कागदावर हिंदीत टाइप केलं होतं: ‘मेरी पुत्री उन्नती पारिवारिक कारणों से नियमित विद्यालय आने में असमर्थ है. अतः उसे दसवीं की परीक्षा स्वाध्यायी छात्रा के रूप में देने की अनुमति प्रदान करें.’ खाली पालकाच्या सहीची जागा कोरी. त्याच्या खाली ‘कक्षा शिक्षिका की अनुशंसा’, आणि तिथे ‘शरयू’. यूचं शेपूट लांब ओढलेलं, तीस वर्षांत न बदललेलं.

"स्वाध्यायी म्हणजे घरी बसूनच परीक्षा द्यायची न, ताई? शाळेत यायचंच नाही?"

"हो."

"काल उन्नतीच्या हाती पाठवलं शाळेच्या ऑफिसातून. शुक्रवारपर्यंत सही करून आणा म्हणाले. मी तर करून टाकत होतो. म्हटलं, ताईंची सही आहे, म्हणजे विचार करूनच केली असेल. पण आई म्हणाली, एक वेळा ताईंशी गोष्ट करून ये." तो ओशाळून हसला. "पारिवारिक कारण काय आहे ते मलाच माहीत नाही, म्हणून आलो."

‘ही सही मी केलीच नाही’ असं शरयूताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सही तर ढळढळीत त्यांचीच. आणि मग त्यांना शनिवार आठवला. ऑफिसातला बाबू संग्रामसिंह कागदांचा एक गठ्ठा घेऊन वर्गाच्या दारात आला होता. "निरीक्षण की फाइल है ताईजी, बस चिड़िया बिठा दीजिए." जिथे ही ‘चिड़िया’, म्हणजे सही, हवी तिथे पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या. ताई त्या वेळी फळ्याशी एका मुलीला गणित समजावत होत्या. डोळे फळ्यावर, हात कागदावर. अशा बावीस सह्या केल्या त्यांनी. परीक्षेच्या आधी दर वर्षी घसा फोडून ‘प्रश्न नीट वाचा गं, दोनदा वाचा’ म्हणून सांगणारी बाई, आणि तिने एकदासुद्धा वाचलं नाही. शाबास!

"हेमेंद्र, तू सही करू नकोस," त्या म्हणाल्या.

"पण तुमची तर झाली आहे."

"माझं मी बघते. हा कागद माझ्याजवळ राहू दे."

हेमेंद्र हो म्हणाला, पण जागचा हलला नाही. "ताई, हर्षिताच्या वेळी पण आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाला आणि चपला पायांत सरकवून निघून गेला. ताईंनी डब्याचं झाकण लावलं.

हर्षिता म्हणजे हेमेंद्रची धाकटी बहीण. चोवीस वर्षांमागे याच शाळेत, याच ताईंच्या वर्गात होती. हेमेंद्र तेव्हा तिला सायकलवर डबलसीट आणून सोडायचा. अतिशय गोड, अतिशय गप्प पोरगी. ताईंनी गणित शिकवून विचारावं, ‘किती जणींना समजलं?’ की हात वर, आणि त्यात हर्षिताचाही वर. सहामाहीत तिला शंभरात नऊ मिळाले. ताईंनी डोळे वटारून विचारलं, "काही येत नव्हतं तर हात कशाला वर करायचीस?" पोरगी म्हणाली, "सगळ्या उठवत होत्या न, ताई." बोर्डात नापास झाली. त्याच उन्हाळ्यात घरच्यांनी लग्न लावून तिला डबरा गावी देऊन टाकली. वय वर्षं अठराला चार महिने कमी. लग्नपत्रिकेत अठरा छापलं.

‘सगळ्या उठवत होत्या न’ हे शरयूताईंच्या डोक्यातून जाईना. पुढच्या जुलैत त्यांनी वर्गात एक नवी रीत सुरू केली. समजलं तर उजवा हात वर, नाही समजलं तर डावा. म्हणजे हात सगळ्यांचाच वर, मान खाली घालून बसायची पाळी कोणावरच नाही. आणि रीतीला जोडून एक नियम. वर्गात एक जरी डावा हात दिसला तरी ताई काही बोलणार नाहीत, रागावणार नाहीत, नाव घेणार नाहीत. फळा पुसतील आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतील. डावा हात म्हणजे ‘पुन्हा एकदा’. यापायी अभ्यासक्रम मागे पडायचा, मागच्या मुख्याध्यापिका कुरकुरायच्या, ताई रविवारी जादा तास घेऊन भरून काढायच्या. पण चोवीस वर्षांत डाव्या हाताला कोणी हसलं नाही. नव्या मुलींना जुन्याच समजावून सांगत, "अरे, ताईजी के यहाँ लेफ्ट में शरम नहीं है."

हे ‘ताईजी’ही मजेशीरच. किला गेटजवळची ही मराठी माणसांनी काढलेली शाळा, म्हणून शिक्षिकांना ताई म्हणायची जुनी पद्धत. हिंदी मुली त्याला ‘जी’ जोडत. मराठीतली मोठी बहीण हिंदीत गेली की थोरली काकू होते, हे ताईंना पहिल्या वर्षी खटकायचं. मग वाटायला लागलं, काकू तर काकू.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. ताईंनी आपला तास दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगितला आणि कागद घेऊन थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत व्हरांड्यात दोन माणसं शिडीवर चढून फ्लेक्स लावत होती. ‘समावेशी शिक्षण, उत्कृष्ट शिक्षण. हर बेटी साथ.’ परवा शुक्रवारी भोपाळहून समिती यायची होती, शाळेला ‘उत्कृष्टता’चा दर्जा द्यायचा का ते ठरवायला. त्यासाठी महिनाभर नुसता धुमाकूळ चालला होता. पायऱ्यांशेजारी एक रॅम्पही बांधून झाला होता, लाल रंगाचा, स्टीलचा कठडा लावलेला. तो जायचा ग्रंथालयाच्या मागच्या दारापाशी, आणि त्या दाराला कुलूप, कारण आत मोडके कूलर रचलेले. गेल्या वर्षी कुबड्या घेऊन एक मुलगी प्रवेशाला आली होती. तिच्या आईला सांगितलं, रॅम्प झाला की या. रॅम्प झाला. मुलीला कोणी कळवलं नाही. ताईंनी तरी कुठे कळवलं होतं म्हणा!

मुख्याध्यापिका निवेदिता मॅडम चाळिशीच्या, हसतमुख, तीन वर्षांपूर्वी इंदूरहून आलेल्या. बाई वाईट नव्हती, हेच तर वाईट. वाईट असती तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

"या ताई, या! मी तुमचंच नाव घेऊन राहिले होते. शुक्रवारी तुमचा तास सर्वांत पहिला ठेवला आहे. चाय घेणार?"

ताईंनी कागद टेबलावर ठेवला. "हे काय आहे?"

निवेदितांनी कागदाकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं. "अच्छा, हे. काही गोष्ट नाही ताई, रूटीन आहे. चार मुली आहेत. त्यांचं पास होणं मुश्किल आहे. फॉर्म भरायची तारीख जवळ आली. त्या प्रायव्हेट बसल्या तर त्यांच्यावर पण प्रेशर नाही आणि आपला शंभर टक्के पण राहतो. समिती रिझल्ट बघते न आधी."

"घरी बसवल्यावर त्यांना शिकवणार कोण?"

"कोचिंग लावतील."

"तो हेमेंद्र कोचिंग लावणार?"

"ताई, चार मुलींपायी अडतीस मुलींचं नुकसान करायचं का? हा दर्जा मिळाला तर स्मार्ट क्लास येतील, लॅब येईल. त्या अडतीसजणी पण मुलीच आहेत न?" बोलणं असं मऊसूत, की ऐकणाऱ्याला आपणच दुष्ट आहोत असं वाटावं.

"दहावीचे फॉर्म भरायचे आहेत, परीक्षा मार्चमध्ये. आत्ता सप्टेंबर चालू आहे. कोण नापास होणार हे तुम्हाला कसं कळलं? सहामाहीसुद्धा झाली नाही अजून."

निवेदिता मॅडमना खरोखरच आश्चर्य वाटलं. "लिस्ट तर तुमचीच आहे न, ताई."

"माझी?"

निवेदितांनी मागच्या कपाटातून एक निळी फाइल काढली, पान उघडलं आणि ताईंच्या पुढे फिरवून ठेवली. ताईंचं स्वतःचं अक्षर. सुबक, वळणदार, शीर्षकाखाली लाल शाईची दुहेरी रेघ.

घ्या! ऑगस्टमध्ये मॅडम म्हणाल्या होत्या, "ताई, तुमची ती डावा-उजवावाली गोष्ट मला लिहून द्या. सर्वोत्तम अध्यापन पद्धती म्हणून समितीला दाखवू. पण नावं घालून, पूर्ण डिटेलमध्ये. प्रूफ लागतं." चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्या रीतीबद्दल विचारलं होतं. ताई हरखल्या. रविवारभर बसून चार पानं लिहिली. शेवटी तक्ता: मुलीचं नाव, आणि जुलैपासून तिने किती वेळा डावा हात वर केला. रोजच्या टाचणवहीत त्या हे टिपून ठेवत, कोणाला काय पुन्हा सांगायचं ते कळावं म्हणून. तक्त्यात सर्वांत वर उन्नती होती. एकतीस वेळा. आणि तिच्या नावापुढे ताईंनी कौतुकाने लिहिलं होतं, ‘सर्वाधिक जिज्ञासु छात्रा’.

आता त्या ओळीवर पिवळा रंग फासलेला होता. तिच्याखालच्या तीन ओळींवरही.

"पंचवीसच्या वर ज्यांचे डावे हात आहेत, त्या चार," निवेदिता म्हणाल्या. "इतका सायंटिफिक डेटा दुसऱ्या कोणत्याच शाळेजवळ नसेल, ताई. खरं सांगते."

मुलींना ताईंनी सांगितलं होतं की इथे लाज नाही, इथे भीती नाही, कळलं नाही तर बिनधास्त सांगा. पोरींनी विश्वासाने सांगितलं. आणि ताईंनी त्यांची नावं लाल रेघ मारून, तक्ता आखून वर नेऊन दिली! केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं? जी मुलगी गप्प बसली, उगीचच उजवा हात वर करत राहिली, ती वाचली. जिने खरं सांगितलं ती घरी चालली.

"मागच्या वर्षी तिघी सोडून गेल्या," ताईंचा आवाज चिरकला. "तुम्ही म्हणाला होता, पालकांची इच्छा."

"पालकांची सहीच होती, ताई."

"आणि माझी?"

निवेदिता मॅडमनी फाइल मिटून कपाटात ठेवली. "शुक्रवार होऊ द्या. मग निवांत गोष्ट करू."

घरी आल्यावर शरयूताई कितीतरी वेळ नळाखाली हात धूत राहिल्या. खुर्चीच्या पाठीवर याच महिन्यात मिळालेली शाल होती, किरमिजी, जरीकाठाची. गेल्या वर्षी गणितात शंभर टक्के निकाल लावला म्हणून शिक्षकदिनी टाळ्यांच्या कडकडाटात अंगावर घातलेली. त्या तिघी का गेल्या हे ताईंना खरंच माहीत नव्हतं का? का विचारायचं नव्हतं? एकीची आई वाटेत भेटली होती, काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, आणि ताई ‘घाईत आहे’ म्हणून टेंपोत चढल्या होत्या. तेव्हा घाई बिई काही नव्हती. शंभर हा आकडाच असा होता की त्याच्या आत डोकावून बघायचं जिवावर आलं. शाल त्यांनी दोन बोटांत उचलली आणि कपाटाच्या तळाशी कोंबली. तरी तिचा नवेपणाचा वास खोलीत राहिलाच.

"जाऊ दे न," त्यांचे यजमान लक्ष्मीकांत पेपरातून मान वर न करता म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, उभ्या जन्मात कशाला नाही म्हणालेला नाही. "दोन वर्षं उरली तुझी. कशाला कोणाच्या तोंडी लागायचं?"

"कोणाच्या तोंडी लागले नाही म्हणूनच झालं हे सगळं," ताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिल्या.

गुरुवारी ऑफिसात त्यांनी दोन चकरा मारल्या. बाकीच्या तिघींच्या पालकांनी सह्या करून कागद दिलेसुद्धा होते. एकीच्या बापाने अंगठा दिला होता. संग्रामसिंह म्हणाला, "हमारे हाथ में कुछ नहीं है ताईजी, मॅडम से बात कीजिए." आणि मॅडम दिवसभर फुलांच्या कुंड्या रंगवून घेत होत्या.

शुक्रवारी सकाळी साडेनवाला निवेदिता मॅडम स्वतः वर्गाच्या दाराशी आल्या. चंदेरी साडी, केसांत मोगरा. समिती स्टेशनवरून निघाली होती. ऑफिसात बेडईच्या पुऱ्या आणि जिलबीचा नाश्ता लागला होता, तुपाचा वास थेट वरच्या मजल्यापर्यंत. "तयार, ताई?"

"नाही," शरयूताई म्हणाल्या. त्यांनी मॅडमना व्हरांड्यात नेलं. "ते चारही अर्ज माझ्या हातात द्या. चौघींचे फॉर्म नियमित म्हणून आत्ता, माझ्यासमोर भरा. पावत्या दाखवा. मग मी तास घेते. नाहीतर समितीसमोर खुर्चीवर बसून राहीन, आणि का बसले ते विचारलं तर सांगेन."

"ताई, हे तर ब्लॅकमेल झालं."

"झालं असेल."

निवेदिता मॅडमचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. बाई हुशार. "ठीक आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "चारही मुली राहतील. पण मग आज वर्गात एक पण डावा हात नको. बेचाळीसच्या बेचाळीस उजवे. मला त्या चौघींचा भार घ्यायचा आहे न, तर मला हे चित्र पाहिजे. मंजूर?"

खाली कोणीतरी सनईची रेकॉर्ड लावली. काय मागत होती ही बाई? मुलींना खोटा हात वर करायला शिकवा, एवढंच. आणि ते शिकवायला दुसरं कोणी चालणार नव्हतं. चोवीस वर्षं ज्या बाईने त्यांना उलटं शिकवलं, तीच लागणार होती.

"मंजूर," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज ओकारीसारखा बाहेर आला.

वीस मिनिटांत काम झालं. संग्रामसिंहने चार फॉर्म भरले, चार पावत्या छापून दिल्या. ताईंनी या वेळी प्रत्येक ओळ वाचली, दोनदा. ‘नियमित’ हा शब्द चार ठिकाणी बोट ठेवून पाहिला. तिघींचे अर्ज त्याने काढून दिले, चौथा ताईंजवळच होता. चारही कागद फाडून त्यांनी डब्याच्या पिशवीत टाकले आणि त्या वर्गात आल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आज पाहुणे येणार आहेत. मी विचारलं की सगळ्यांनी उजवा हात वर करायचा."

बेचाळीस चेहरे त्यांच्याकडे बघत राहिले. तिसऱ्या बाकावरून उन्नती उभी राहिली. दोन वेण्या, कपाळावर घामाने चिकटलेली बट. आपला कागद फाटून ताईंच्या डब्याखाली पडला आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"नहीं आया तो भी, ताईजी?" वर्गात ती हिंदीच बोलायची.

"नाही आलं तरी."

"फिर आपको कैसे पता चलेगा?"

ताईंनी खडू उचलला, पुन्हा खाली ठेवला. "आजच्या दिवस," त्या म्हणाल्या. "बस आज."

उन्नती बसली. मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी फिस्सकन हसलं. डाव्या-उजव्यावरून त्या वर्गात हसू फुटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

समिती तिघांची होती. पुढे एक लठ्ठ गृहस्थ, गळ्यात झेंडूचा हार, ओठांच्या कोपऱ्यात जिलबीचा पाक. मागे मोबाइल उभा धरून चित्रण करणारी एक बाई आणि सारखा घाम पुसणारा एक तरुण. निवेदिता मॅडम इंदुरी गोडव्याने सांगत होत्या की या वर्गात एकही बालिका मागे राहत नाही, प्रत्येक हात वर असतो.

शरयूताईंनी फळ्यावर लिहिलं: एक्सचा वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा बरोबर शून्य. मधल्या पदाची फोड करायची, साताचे तीन आणि चार करायचे. सोडवून दाखवलं. मग वर्गाकडे वळल्या.

"किस-किस को समझ में आया?"

बेचाळीस उजवे हात.

"अद्भुत!" हारवाले गृहस्थ म्हणाले. "इसे कहते हैं समावेशी शिक्षा."

"सर, वीडियो नहीं आया," मोबाइलवाली बाई म्हणाली. "एक बार फिर?"

ताईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा बेचाळीस हात. मग तरुणाला फोटो हवा होता, पाहुणे मध्ये आणि मागे हात, असा. तिसऱ्या वेळी तर ताईंनी विचारायच्या आधीच हात वर झाले. पोरी भराभर शिकतात. एकाही मुलीला कोणी उत्तर विचारलं नाही. एकीला फळ्याशी बोलावलं नाही. तेरा मिनिटांत समिती रॅम्प बघायला गेली. वर जाऊन, कुलपाजवळ उभं राहून, तिथेही त्यांनी फोटो काढला.

दर्जा मिळणार हे संध्याकाळीच कळलं. स्टाफरूममध्ये पेढे आले. शरयूताईंच्या हातावरही एक पडला. तो त्यांनी कागदात गुंडाळला आणि तसाच विसरल्यासारखा टेबलावर सोडला. वाटेत पडावला उतरून त्या हेमेंद्रच्या ऑफिसात गेल्या, पावती त्याच्या हातात दिली.

"उन्नती शाळेतूनच बसणार," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे माझी सही दिसली तरी विचारत जा."

हेमेंद्रने पावती दोन्ही हातांनी धरली. "तुम्ही खूप केलं, ताई," तो म्हणाला. ताईंना तिथे एक क्षण उभं राहवेना.

सोमवारी पहिला तास गणिताचा होता. चौघी मुली हजर होत्या, उन्नती आपल्या तिसऱ्या बाकावर. शरयूताईंनी शुक्रवारचंच गणित फळ्यावर घेतलं, कारण ते शुक्रवारी कोणी शिकलंच नव्हतं. सावकाश सोडवलं. मग हातावरचा खडू झटकून त्या वळल्या.

"पाहुणे गेले. आता खरं खरं. आलं त्यांचा उजवा, नाही आलं त्यांचा डावा."

बेचाळीस हात वर गेले. सगळे उजवे.

ताई बाकांमधून हळूहळू फिरल्या. उन्नतीचा हात सर्वांत ताठ होता, कोपर कानाला टेकलेलं. तिच्या उघड्या वहीत गणित उतरवलेलं होतं. त्यातल्या साताभोवती पेन्सिलीने एक गोल होता, आणि गोलाशेजारी बारीकसं प्रश्नचिन्ह. ताई थांबल्या तशी तिने दुसऱ्या हाताचा तळवा हळूच त्या प्रश्नचिन्हावर ठेवला.

"उन्नती, आलं?"

"आलं, ताई." आज ती मराठीत बोलली.

"नक्की?"

"सगळ्यांना आलं न, ताई," ती हसून म्हणाली.

हर्षिताचीच भाची ती. जिवणी तशीच, आवाजही तसाच.

शरयूताई काही बोलल्या नाहीत. फळ्याशी गेल्या, डाव्या हाताने डस्टर उचललं आणि वरपासून खालपर्यंत सगळं पुसून टाकलं. खडूची भुकटी त्यांच्या बाहीवर, चष्म्यावर, केसांवर बसली.

"आ गया ताईजी," मागून कोणीतरी कंटाळून म्हणालं. "सबको आ गया."

"मुझे नहीं आया," शरयूताई म्हणाल्या. डस्टर धरलेला डावा हात त्यांनी वर केला, आणि तो तसाच वर ठेवून उजव्या हाताने पहिली ओळ पुन्हा लिहायला घेतली.